अविनाशच्या गाडीचा क्लच

अविनाश गेल्याची बातमी मला मोबाइलच्या ग्रुपवर कळली. शेंद्र्याच्या कंपनीत सकाळची मीटिंग आटोपून मी जागेवर येऊन बसलो होतो. ग्रुपवर त्याचा हसरा फोटो होता, खाली हात जोडलेले, आणि तो टाकणारा होता सागर... अविनाशला जेमतेम एक-दोन वर्षं ओळखणारा, त्याच्या गॅरेजवर गाडी दुरुस्तीला आणणारा एक तरुण. अविनाशला पहाटे घरीच हृदयविकाराचा झटका आला होता. मी साहेबांना सांगून निघालो. पुंडलिकनगरात त्याच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार होता, हे मला सागरकडून का कळावं? कॉलेजपासूनचा मित्र मी! दारात शुभांगीवहिनी मला बघून रडल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला फोन करायचं सुचलंच नाही हो कुणाला. ज्याला-त्याला वाटलं, दुसऱ्यानं केला असंल." त्या खरंच सांगत होत्या. तरीही मला लागलं. आता काही आठवडे उलटलेत, आणि अविनाशबद्दल लिहायला बसल्यावर कळतंय, की त्याच्याविषयी वाटलेला हेवा बाजूला ठेवला, तर माझ्याकडे लिहायला फार थोडं उरतं.

मी कन्नडचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतले गणिताचे सर माझ्याबरोबर एसटीनं शहरात आले, रांगेत उभे राहिले आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेपर्यंत हलले नाहीत, म्हणून मी आज जो आहे तो आहे. हे ऋण मी रोज मानतो. पण सरांनी मला प्रवेश मिळवून दिला, धिटाई कुठून देणार? पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीतून. मला निम्मं कळायचं नाही आणि मी मान डोलावत बसायचो. माझ्या शेजारी अविनाश बसायचा. करमाडचा. त्याचे वडील जालना रोडवर काळी-पिवळी जीप चालवायचे. एके दिवशी तो भर वर्गात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सगळं डोक्यावरून गेलं. एकदा मराठीत सांगता का?" वर्ग हसला, सरही हसले, आणि त्यांनी खरंच मराठीत सांगितलं. त्या तासाला मला पहिल्यांदा काहीतरी समजलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या वाक्यासाठी मी महिनाभर हिंमत गोळा केली असती, ते हा जांभई दिल्यासारखं बोलून गेला, एवढंच मनात राहिलं.

माझे वडील, अण्णा, कन्नडहून भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन होस्टेलवर यायचे. माझ्याशी ते मार्कांबद्दल बोलायचे, अविनाशशी बैलांबद्दल. त्याच्यासोबत पायरीवर बसून अण्णा असे खळखळून हसायचे की मला वाटायचं, हे आपल्या घरी एवढं का हसत नाहीत? त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो की हमखास म्हणायचे, "लई मोकळं पोरगं हाय ते. तू असा घुम्यावानी काहून राहतो रे?" बस हलली की अण्णांनी खिडकीतून केलेला हातही, मला वाटायचं, निम्मा त्याच्यासाठी आहे...

पुढं दोघांनाही नोकऱ्या लागल्या. मी शेंद्र्याच्या कंपनीत गुणवत्ता विभागात चिकटलो आणि आजवर तिथंच आहे. अविनाशनं काही वर्षांत नोकरी सोडली आणि चिकलठाण्याजवळ गॅरेज टाकलं. मी त्याला वेड्यात काढलं. गॅरेज चाललं. मग त्यानं स्वतःसाठी एक जुनी, बुटकी, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार मिळवली. ती आली तेव्हा खोक्यांमध्येच जास्त होती. तिला उभं करण्यात आमचे कितीतरी रविवार गेले. मी तिथं का जायचो, असं बायको विचारायची. मैत्री होतीच. पण त्या शेडमध्ये अविनाशभोवती नेहमी चार-पाच जण असायचे आणि त्यांच्यात आपण मागे पडू नये, हेही होतं.

त्या गाडीला त्यानं मूळचा क्लच काढून बाहेरून मागवलेला नवा बसवला होता. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला, जास्त पकडीचा. पेडल दाबताना पिंढरी भरून यायची. बसवल्याबरोबर पहिली तक्रार सुरू झाली. रिव्हर्स टाकला की गिअर करकरायचा. म्हणजे पाय पूर्ण खाली नेला तरी क्लच नीट सुटत नव्हता. अविनाशनं क्लचच्या नळीतल्या तेलातली हवा काढली, फरक पडेना. मग त्यानं पेडलमागची दांडी लांबवली, जरा दाबताच क्लच काम करू लागेल इतकी. गिअर लोण्यासारखा पडायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या रविवारी तो जालना रोडला गाडी घेऊन गेला आणि करमाडच्या अलीकडं ती रुसली. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पळायची नाही. क्लच स्लिप मारत होता. थांबून गार झाली की पुन्हा ठणठणीत. परत तापली की तेच.

शेडमध्ये जो येईल तो निदान करायचा. कुणी म्हणालं, प्लेटवर तेल गेलं. कुणी म्हणालं, मालच खोटा, परत पाठव. सागर म्हणाला, "अवीदादा, स्प्रिंगच कमजोर आहे याची." अविनाशनं बिचाऱ्यानं गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. प्लेट कोरडी, स्वच्छ. पुन्हा चढवला. पुन्हा तेच.

त्या दिवशी मी ड्रायव्हरच्या बाजूला खाली बसलो आणि पेडल हातानं दाबून पाहिलं. आमच्या कंपनीत माझं आयुष्य असल्याच तपासण्यांत गेलंय. क्लचच्या पेडलला वर थोडा प्ले हवा, म्हणजे हातानं दाबलं की सुरुवातीला ते सैल लागायला हवं. हे पहिल्यापासूनच ताठ होतं.

"अव्या, प्ले किती ठेवला?"

"ठेवलाच नाही. एवढी कडक गाडी, तिला सैलपणा कशाला?"

"दांडी कायम थोडी दाबलेलीच राहती मग. तेलाला माघारी टाकीत जायचं जे भोक असतं, ते झाकलेलं. तापलं की तेल फुगणार, जाणार कुठं? ते क्लचच दाबून धरणार. तुझा पाय कायम पेडलवर असल्यासारखं."

अविनाश म्हणाला, "व्हय की रे केश्या..." पण माझं समाधान तेवढ्यानं होणार नव्हतं. मला ते सगळ्यांदेखत सिद्ध करायचं होतं. आम्ही गाडी करमाडच्या दिशेनं नेली, ती स्लिप मारायला लागल्यावर बाजूला घेतली. मी खाली वाकून क्लचचं तेल बाहेर सोडायचं निपल जरासं सैल केलं. तेलाची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या शर्टावर. निपल आवळलं. अविनाशनं गाडी हाणली, आणि तापलेल्या त्या गाडीनं अशी पकड घेतली की सागर सीटला चिकटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी अविनाशच्या पुढं होतो.

परत येऊन आम्ही दांडी घट्ट धरणारा चेकनट सैल केला, दांडी आखडली, पेडलला प्ले दिला. रिव्हर्स पुन्हा करकरला! मग मीच पेडलखाली हात घातला, तर तिथं जाड गालिचा. वहिनींनी घरातल्या उरलेल्या गालिच्याचा तुकडा हौसेनं गाडीत अंथरला होता, त्यामुळं पेडल शेवटपर्यंत खाली जातच नव्हतं. तो काढला आणि गिअर आवाज न करता पडला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे इंजिनिअर दोघं, आन् दोष माझ्या गालिच्याचा?"

"नाही गं," अविनाश म्हणाला, "तुझ्या गालिच्यानं मला फसवलं, मी गाडीला फसवलं, केश्यानं आपल्या दोघांना पकडलं."

माझा विजय असा एका वाक्यात त्यानं हसत वाटून टाकला. पुढं तो ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. माझं नाव न चुकता घ्यायचा, स्वतःचा गाढवपणा रंगवून सांगायचा. आणि गोष्ट संपली की लोक हसून त्याच्याच पाठीवर हात मारायचे. बरोबर ठरलो होतो मी, आवडायचा तो. चुकूनसुद्धा माणूस असा मोठा कसा दिसतो, हे मला कधी उमगलं नाही. मी चुकलो की घरात दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

तो गेल्यावर गॅरेजच्या शेडमध्येच सगळे जमले होते. सागर बोलायला उभा राहिला आणि त्यानं क्लचची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. लोक रडता रडता हसले. फक्त माझ्या ठिकाणी तो म्हणाला, "मग दादांच्या एका मित्रानं प्ले चेक केला..." एका मित्रानं! मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून सांगावं असं इतकं वाटलं की खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. अशा प्रसंगी हे बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं. पण अविनाश असता तर त्यानं बसल्या जागेवरून ओरडून माझं नाव सांगितलं असतं, आणि ते सांगणारा आता कुणी नाही, हेही त्याच क्षणी कळलं. मी तेव्हा रडलो. शेजारच्यांना वाटलं असेल, मित्रासाठी रडतोय.

दोन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, प्रज्ञा म्हणती पप्पांची गाडी मीच चालवणार. ते पेडल काही तिला दबंना. तुम्ही बघता का?" प्रज्ञा त्यांची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. मी रविवारी गेलो. गाडी घरासमोर उभी होती. पेडल हलकं करता येणार नाही, क्लचच तसा आहे, असं मी प्रज्ञाला सांगितलं. सीट पुढं घे, पाय तळापर्यंत ने, सावकाश सोड. तिनं चालू केली, पाय सोडला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. गल्लीत माणसं थांबली. माझेच कान तापले. प्रज्ञानं काच खाली केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हसत म्हणाली, "काका, मला काहीच जमंना! सांगा की कुणीतरी." समोरच्या गॅलरीतले काका चप्पल न घालता खाली आले. इस्त्रीवाला आला. "हळू सोड बेटी, हळू हळू," असं तीन भाषांमध्ये सुरू झालं. एका पोरीनं पाच मिनिटांत अख्खी गल्ली आपलीशी केली, आणि मी तिथं पाना हातात धरून, एवढा जाणता माणूस, जळत उभा होतो. अगदी होस्टेलच्या पायरीवर जळायचो तसा. तो गेल्यापासून इतका जवळ मला तो एकदाही वाटला नव्हता.

आता दर रविवारी मी पुंडलिकनगरात जातो. प्रज्ञा गाडी छान चालवायला लागलीय, रिव्हर्सही एका दमात घेते. सागर येतो, इतरही येतात, चहा होतो, हसणं होतं. गाडी निघण्याआधी मी दार उघडून खाली बसतो आणि पेडलचा प्ले हातानं तपासतो. तो जिथं ठेवला होता तिथंच असतो. परवा प्रज्ञा म्हणाली, "काका, एवढं कशाला वाकता? मला येतंय आता, मी बघते."

मी तिला बघू दिलं नाही.