सात दिवसांची ऑर्डर

उमरेडहून निघाले तेव्हा माझ्या बोटांची टोकं राखेनं काळी होती. हातात पत्र्याची पेटी, पदराच्या गाठीत सरकारी कागद. मागे माझी तीन वर्षांची मंदा मोठ्या जाऊबाईंच्या कडेवर बसून बिस्कीट खात होती. ती रडली नाही, मीही रडले नाही. एसटी लागली होती आणि जागा धरायची होती.

याला पन्नास वर्षं होऊन गेली. जाऊबाई अजून उमरेडलाच आहेत. मंदाची मुलगी श्रुती आता जर्मनीत नोकरी करते. जाऊबाई आणि श्रुती, दोघींना वाटतं, मी मोठ्या धाडसानं घर सोडलं. धाडस कसलं? मी तीन दिवस उशिरा निघाले होते आणि त्या उशिरापायी सगळंच हातचं जाणार होतं. दोघींसाठी ते एकदा नीट लिहून ठेवते.

माझे यजमान नागपूरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. रविवारी गावी यायचे. काविळीनं गेले. त्यांच्या जागी मला घ्यायचं ठरलं आणि इंग्रजीत टाइप केलेला कागद आला. मी चौथी शिकलेली. पोस्टमननं वाचून सांगितलं, "ऑर्डर आहे. सात दिवसांत हजर व्हा म्हणते."

सासरे विणकर. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. त्यांनी माझ्यासाठी भिवापूरचा एक बिजवर पाहून ठेवला होता. नोकरी नाही लागली तर मी त्याच्या घरी जायचं आणि मंदा उमरेडला राहायची. त्याला बायको हवी होती, तिची पोर नको होती. म्हणजे तो कागद होता म्हणून मंदा माझी होती.

हे कळत असूनही मी वेळेत निघाले नाही. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला होता. विणकराच्या घरी माग उघडा ठेवत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन त्यांना जोडायचा. बोट घसरू नये म्हणून राख लावायची. दोन हजारांवर धागे. मामाजींना बारीक दिसत नव्हतं. हे काम माझं आणि जाऊबाईंचं.

"जा वं सुमन तू," जाऊबाई म्हणाल्या. "मी जोडतो एकटी. काहून थांबून राहिली?"

खाटेवरून मामाजी म्हणाले, "मागाले उघडं टाकून जाते काय कोणी?"

मला मामाजींचं पटलं. भीतीनं नाही. नागपूरच्या गांधीबागेतला कापडाचा व्यापारी सोमवार म्हणायचा आणि माल ताणा उतरेल तेव्हा जायचा. त्यात कोणाला काही वाटत नसे. तारखेपेक्षा काम मोठं, एवढंच आम्ही शिकलो होतो. सरकारचं तसं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी शेवटचा धागा जोडला आणि उठले.

कचेरीत बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनं, कागद पाहिला. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"बाई, ही ऑर्डर लॅप्स झाली."

"म्हणजे?"

"संपली."

"कागद तर माझ्या हातात आहे."

"कागद आहे, ऑर्डर नाही. काहून उशीर केला?"

"ताणा जोडून राहिली होती."

सगळी खोली हसली. कोपऱ्यातला एक म्हणाला, "वा रे वा! सरकारले रांगेत उभं केलं बाईनं!"

मला समोर भिवापूर दिसायला लागलं. पण रडून तिथं काही मिळण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या मालकाच्या रजा बाकी असतील. बारा वर्षांत घेतल्याच नाही त्यानं. त्यातले तीन दिवस कापून घ्या."

"मेलेल्या माणसाची रजा चालत नाही, बाई."

"काहून? जागा चालते अन् रजा चालत नाही?"

आवाज ऐकून साहेब आतून बाहेर आले. हे ताणा जोडणं काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी साडीच्या काठातून दोन धागे ओढून काढले. राख हवी होती, ती तिथं कुठली? बडे बाबूंच्या टेबलावर बोट फिरवलं. धूळ भरपूर होती. धागे पिळून जोडले आणि साहेबांच्या हातात दिले.

"ओढा."

त्यांनी ओढलं. धागा तुटला, पण दुसऱ्याच जागी. जोड होता तसा राहिला.

साहेब बडे बाबूंना म्हणाले, "आजच्या तारखेची दुसरी ऑर्डर काढा. आणि टेबल पुसून घ्या." मग मला म्हणाले, "तुमचं काम पक्कं आहे. पण इथं आधी तारीख, मग काम." ते बरोबर बोलले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक दिवस उशिरा गेले नाही.

कागद टाइप होईपर्यंत बाकावर बसले होते. एका म्हाताऱ्या शिपायाला म्हटलं, या शब्दापायी माझी पोर जात होती, तो लिहितात कसा ते तरी दाखवा. त्यानं खडूनं फरशीवर काढून दिला, मी खाली गिरवला. ओ, आर, डी, ई, आर. मी लिहिलेला पहिला इंग्रजी शब्द तो.

तीन महिन्यांनी खोली मिळाली आणि मंदाला न्यायला गेले. मामाजी मागावर बसले होते. वर न पाहता म्हणाले, "ताणा चांगला चालला. कुठी तुटला नाही." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली एवढीच शाबासकी. बिजवरानं दुसरी पाहिली होती.

आता उमरेडच्या मागाच्या खोलीत पुतण्याचं मोबाइलचं दुकान आहे. श्रुतीची ऑर्डर तर फोनवरच आली. तिनं ती मेट्रोत उभ्यानं वाचली आणि पंधरा दिवसांत गेली. एकही दिवस वर नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "आजी, तुझा तो ऑर्डर शब्द कुठला, सांग बरं. लॅटिन. 'ऑर्डो' म्हणजे ओळ. आणि जाणकार म्हणतात, आधी ती मागावरच्या धाग्यांची ओळ होती. मग तो शब्द फ्रेंचांकडे गेला, तिथून इंग्रजांकडे."

"अन् हुकूम?"

"तो अर्थ मागून आला. आधी ओळीत लावणं, मग शिस्त, मग हुकूम."

"म्हणजे विणकराच्या घरचा शब्द सरकारनं नेला. बडे बाबूले सांगायला पाहिजे होतं."

"तू अजून भांडून राहिली त्याच्याशी?"

"तो मेला. नाही तर भांडली असती."

शब्द मागावरून आला म्हणून मऊ होत नाही, हेही सांगते. त्या कचेरीत मी ऑर्डरी वाटत फिरले आहे. बदलीची वाचून मोठी मोठी माणसं खुर्चीत खचलेली पाहिली. प्रमोशनची पाहून त्याच माणसांनी मला पेढा दिला. रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायची मलाही आली. एक दिवस आधीच किल्ली देऊन टाकली.

मग नागपुरातच दिघोरीकडे दोन खोल्या बांधल्या. जाऊबाई फोनवर विचारतात, "घरी कधी येतेस?" श्रुती विचारते, "घरी सगळं ठीक ना?" एकीचं घर उमरेड, दुसरीचं ही जागा. मला दोन्ही चालतं. पण माझं विचाराल तर जिथून उठ म्हणून आणि जिथं ये म्हणून मला कोणी लिहून पाठवू शकत नाही, ते घर. असं घर मला म्हातारपणी मिळालं. लवकर मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण मिळालं.

जाऊबाई, तुम्ही या. श्रुती, तूही ये. किती दिवस राहणार ते मी विचारणार नाही. फक्त दुपारी एक ते तीन बेल वाजवायची नाही. मी झोपलेली असते.