लव्हॉनची रताळी

केटल बेंड गावात थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाचं, जेवण सगळ्या गावाचं मिळून असतं. ज्यांची मुलंनातवंडं मिनिआपोलिसहून येतात तेसुद्धा घरची टर्की संध्याकाळवर ढकलतात आणि दुपारी बाराला सगळ्यांना घेऊन ल्यूथरन चर्चच्या तळघरात हजर होतात. त्या तळघरातलं स्वयंपाकघर तेहतीस वर्षं अर्डिस ब्रेकहसच्या ताब्यात होतं. ती शाळेत स्वयंपाकीण होती. निम्म्या गावाला तिनं लहानपणी वाढलेलं, त्यामुळे पन्नाशीचे बाप्येसुद्धा तिच्यासमोर ताट धरून रांगेत नीट उभे राहत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बाई उंच, हाडापेरानं दणकट, बोलायला तुसडी. पण तिच्या हातची ग्रेव्ही कुणी पानात टाकल्याचं ऐकिवात नव्हतं.

टर्की, बटाटे आणि ग्रेव्ही अर्डिसची. बाकीचं बायका घरून आणत. भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येकीनं बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं असे. जेवणं उरकली की अर्डिस ती सगळी एकटीनं धुवायची आणि जिन्याखालच्या लांब टेबलावर पालथी मांडायची. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत ज्याची तो घेऊन जाई.

लव्हॉन त्वेट ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. नदीपलीकडे तिचं आणि नवऱ्याचं, ऑर्विलचं, शेत होतं, गोठ्यात साठ गाई. संत्र्याची साल किसून घातलेली भाजकी रताळी हा लव्हॉनचा मान. दुसरी कुणी ती करून आणत नसे.

त्या वर्षी सकाळपासून बर्फाळ पाऊस भुरभुरत होता. वाढपाच्या टेबलाशी लव्हॉननं ग्रेव्ही चाखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अर्डिस, मीठ विसरलीस की चर्चनं बंद केलं?"

रांगेतली माणसं हसली. पास्टरसुद्धा हसले. अर्डिसनं मिठाची डबी आणून आदळली आणि मग दिवसभर लव्हॉनकडे पाहिलं नाही.

चार वाजत आले तशी लव्हॉन कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात आली. "ऑर्विल धारा काढायला गेला गं गाडी घेऊन. मला सोडतेस का घरी?"

"चाळीस भांडी पडलीत," अर्डिस न वळता म्हणाली. "थांबायचं तर थांब."

"किती वेळ लागेल?"

"ग्रेव्हीत मीठ उतरेपर्यंत."

लव्हॉन जराशी हसली. "बरं बाई," म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. अर्डिसला ती दिसत नव्हती, पण तिचे बूट आपटण्याचा आवाज येत होता. बसू दे थोडी, असं म्हणत अर्डिसनं घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मग आणखी एक. हात पुसून ती बाहेर आली तेव्हा पायरी रिकामी होती आणि तिच्यावर वितळलेल्या बर्फाचे दोन ओघळ होते.

पुलावरून त्वेटांचं घर तीन मैल. गोठलेल्या नदीवरून एक मैलसुद्धा नाही. पण नोव्हेंबरातला बर्फ माणसाला पेलत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. लव्हॉनलाही होतं. अंधार पडायच्या सुमाराला तिची पर्स किनाऱ्यावर सापडली. ती स्वतः एप्रिलमध्ये खालच्या बंधाऱ्याशी सापडली.

तपासाला आलेल्या शेरीफनं विचारलं, "कुणाबरोबर निघाली होती?"

"मला वाटलं, कुणाच्या तरी गाडीतून गेली," अर्डिस म्हणाली.

हे धड खोटंही नव्हतं. म्हणूनच ते गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

पुढच्या थँक्सगिव्हिंगला कोट काढून अर्डिस वाढपाच्या टेबलाशी आली, तर गोड पदार्थ आणि पावांच्या मध्ये लव्हॉनचं निळ्या काठाचं काचेचं भांडं होतं. आत रताळी. संत्र्याचा वास तळघरभर पसरला होता आणि भांडं इतकं गरम होतं की तिनं हात मागे घेतला. बायकांनी पाहिलं, आणि एकमेकींच्या नजरा चुकवून त्या नॅपकिनच्या घड्या घालू लागल्या. ऑर्विल आला, त्यानं आपल्या ताटात दोन डाव घेतले आणि खाली मान घालून खाल्ले.

अर्डिसनं ते भांडं सगळ्यांत शेवटी धुतलं. धुताना पाठीमागे जिन्यावर बूट आपटल्यासारखं वाजलं. "आले, आले," ती बोलून गेली. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. रविवारी भांडं टेबलावर होतं, सोमवारी नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी हेच. चर्च तापवायच्या भट्टीची किल्ली ऑर्विलकडे असायची, पहाटे तोच येऊन भट्टी पेटवी. अर्डिसनं मनाशी ठरवलं, तोच करून आणतो आणि तोच नेतो. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर बोलणं त्या दुपारपर्यंत गेलं असतं. बूट मात्र दर वर्षी वाजत. कधी भांडी धुताना, कधी फेब्रुवारीत ती एकटी तळघर झाडायला गेली तरी. ती रात्री रेडिओ लावून झोपू लागली. चर्चमध्ये मागच्या बाकावर, दाराशी बसू लागली.

अकराव्या वर्षी ऑर्विलचे हात थरथरायला लागले. शेत विकलं गेलं आणि तो तीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात गेला. त्या थँक्सगिव्हिंगला रस्ते बंद होते, तो येणं शक्यच नव्हतं. अर्डिस निर्धास्त मनानं तळघरात उतरली. पायऱ्यांवरच तिला संत्र्याचा वास आला.

"हे कुणी आणलं?" तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं विचारलं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी पास्टरांची सून किर्स्टन हळूच म्हणाली, "अहो मिसेस ब्रेकहस, आम्हाला तर इतकी वर्षं वाटायचं तुम्हीच करता. तुमची मैत्रीण होती ना."

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्याबरोबर अर्डिस गाडी काढून वृद्धाश्रमात गेली. ऑर्विल खिडकीशी बसला होता, मांडीवर हात हातात धरून.

"काल रताळी आली होती," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"हो? छान झाली होती का?"

"ऑर्विल, तू करत नव्हतास?"

"मला अंडं उकडता येत नाही, अर्डिस. मी समजत होतो तू करतेस. दर वर्षी खाताना म्हणायचो, हिनं तरी तिला टाकलं नाही."

अर्डिस खाटेवर बसली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. मीठ, चाळीस भांडी, पायरी, पुन्हा घासलेली पातेली. "शेरीफला मी हे सांगितलं नाही. तुलाही नाही. तिनं मला विचारलं होतं, ऑर्विल, आणि मी मुद्दाम वेळ काढला."

ऑर्विलनं खिडकीबाहेर पाहिलं.

"आधी तिनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, तासभर थांब, अर्डिस रुसलीय, तिची समजूत काढते, मग बरोबर जाऊ. मी म्हटलं, गाई थांबतात होय? तुझी तू ये. असंच म्हटलं. तुझी तू ये."

जेवणाची घंटा झाली तेव्हा अर्डिसनं त्याला हाताला धरून उठवलं, जेवणघरात नेलं आणि त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं. त्यानं तिला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि तिनंही ते मागितलं नाही. मार्चमध्ये ऑर्विल गेला.

त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगलाही रताळी आली. अर्डिसनं स्वतःच्या ताटात डावभर घेतली. बारा वर्षांत पहिल्यांदा. लव्हॉनचाच हात होता, थोडं जास्त लोणी, थोडी कमी साखर. तिनं सगळी खाल्ली.

साडेतीनला तिनं एप्रन काढून खुंटीला लावला. सिंक भांड्यांनी भरलेलं होतं. "किर्स्टन, हे तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि तळघरातल्या माणसांकडे वळली. "कुणाला सोडायचंय घरी?"

लोक पाहतच राहिले. तीन फेऱ्या झाल्या. म्हाताऱ्या जुळ्या बहिणी, कुबडीवाला बर्ट, दोन पोरं घेऊन आलेली नवी परिचारिका. शेवटच्या घरी बर्टला उतरवून अर्डिसनं गाडी वळवली, तशी घंटी वाजायला लागली. शेजारच्या सीटवर माणूस बसलं आणि त्यानं पट्टा लावला नाही की वाजते ती. सीटवर काहीच नव्हतं, पिशवीसुद्धा नाही.

अर्डिसनं गाडी कडेला घेतली. घंटी थांबेना. तिनं हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. गाडी शांत झाली.

घर डावीकडे होतं, ती उजवीकडे वळली. पुलावर सावकाश चालवली. खाली नदी काठाकाठानं पांढरी आणि मधे काळी होती. त्वेटांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहत होतं, खिडकीत दिवे होते. तिनं फाटकाशी गाडी थांबवली, पट्टा सोडला आणि वाकून पलीकडचं दार उघडलं. थंडी आत आली.

"पोचलो गं," ती म्हणाली. "सावकाश उतर, निसरडं आहे."

थोडा वेळ तशीच थांबून तिनं दार ओढून घेतलं. घरापर्यंत घंटी वाजली नाही.