पिवळे पऱ्हे

शेवटचा गर्भ माझ्या पोटात सोडला, तेव्हा गावात धानाची रोवणी चालू होती. शेवटचा, कारण माझी अंडी आता पुन्हा काढण्याजोगी राहिली नव्हती. नागपूरहून येताना नवऱ्याने गाडी इतकी हळू चालवली, की तुमसरच्या अलीकडे एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. मी चिडले, पण आतून बरंही वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं. एका संप्रेरकाने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग दुसरं, प्रोजेस्टेरॉन, त्या अस्तरातली काही जनुकं जागी करतं, काही गप्प करतं. ते वेळेवर जमलं तरच अस्तर गर्भाला धरतं. म्हणून रोज तेलकट इंजेक्शन. कमरेखाली गाठी यायच्या. सासूबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायच्या आणि ते इंजेक्शन शोधणाऱ्याचा उद्धार करायच्या.

मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे आंधी बांधी चिखलून ठेवाची, मंग रोवाचं." मी शाळेत विज्ञान शिकवते. अस्तर म्हणजे धानाच्या बांधीतला चिखल नव्हे, हे मला कळत होतं. पण त्यांचा उत्साह मोडवेना.

एका सकाळी कपड्यावर डाग दिसला. मी न्हाणीच्या दारातच बसून रडायला लागले. सासूबाई धावत आल्या.

"काहून रडून राहिली बाई? पऱ्हे रोवले का पिवळे पडतेच. मंग धरते."

खरं होतं ते. उपटून नव्या बांधीत लावलेली धानाची रोपं आधी मेल्यासारखीच दिसतात. डाग म्हणजे तसंच काहीतरी, असं मीही धरून चालले. रोज मागच्या दारातून बांधी बघायची. पऱ्हे हळूहळू हिरवे झाले. माझा रक्तस्राव वाढत गेला.

रक्ततपासणीत गर्भ राहिल्याची काहीच खूण आली नाही. "अस्तराची जाडी छान होती," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "पण आतली जनुकं वेळेवर जागी झाली नसावीत. ते सोनोग्राफीत दिसत नाही हो." मला त्यांचा राग आला, माझ्या शरीराचा त्याहून जास्त.

सासूबाई बांधीत नांग्या भरत होत्या. रोवणीनंतर काही पऱ्हे मरतात, त्या रिकाम्या जागा भरायला आमच्याकडे एक-दोन जुड्या कोपऱ्यात राखून ठेवतात. मला बांधावर बघून त्यांनी लांबूनच विचारलं, "काय म्हणते डाक्टरीन?"

मी नकारार्थी मान हलवली.

"असू दे. दुसरा सोडाले लावू. ठेवला असंल ना त्याईनं एखादा राखून?"

"नाही आई. काहीच उरलं नाही."

त्या हातातल्या जुडीकडे बघत राहिल्या. मग ती तशीच पाण्यात सोडून त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि माझ्याआधी त्याच रडायला लागल्या.