शेवटच्या दाढेमागचे भोक

शिवणीच्या लाकडाचे अकरा खालचे जबडे. त्यांत दोन लहान मुलांचे, एक दात गेलेल्या म्हाताऱ्याचा, हनुवटीजवळचे भोक पार वरच्या काठाला आलेला. आणि ते ठेवायची काचेची पेटी, एकही खिळा न मारता. रेवदंड्याच्या दातांच्या दवाखान्यातले हे सारे काम माझ्या हातचे. सुतारकी मी कोणाकडे शिकलो नाही. पाहायचे कसे, हे मात्र डॉ. भास्कररावांनी शिकवले. त्यांच्या साठीनिमित्त तेवढेच सांगतो.

पहिली ओळख दवाखान्याची खुर्ची दुरुस्त करताना झाली. डॉक्टरांनी कपाटातला खरा जबडा हाती दिला. "हुबेहूब असा लाकडात कराल?" पंधरा दिवसांत नेऊन दिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि थांबले.

"शेवटच्या दाढेमागे बारीक भोक होते. कुठे गेले?"

"किडीचे समजून सोडले."

"हाडाला कीड, मिस्त्री?"

डॉक्टरांनी खरे हाड उजेडाला धरले. मग म्हणाले, "म्हणजे एखाद्याच्या दाढेला इथूनही मज्जातंतूची फांदी जात असेल. हिराबाई खरे बोलत होत्या."

हिराबाई कोळीवाड्यातल्या. आदल्या दिवशी सुजलेली दाढ काढायला आल्या होत्या. बधिर करायची सुई दोनदा देऊनही कळ थांबेना, तेव्हा डॉक्टर "उगाच ओरडू नका" म्हणाले होते. "मी काय टोपलीतला मासा हाय, गप पडून र्‍हायला?" असे सुनावून बाई दाढेसकट निघून गेल्या.

डॉक्टर तडक कोळीवाड्यात गेले, मागोमाग मी. बाईंना ताप चढला होता, तोंड जेमतेम उघडत होते. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांसमोर डॉक्टर म्हणाले, "हिराबाई, चूक माझी. सगळे जबडे पुस्तकातल्यासारखे नसतात."

"मंग पुस्तकाचीच दाढ काढा!" बाई म्हणाल्या, पण आल्या. या खेपेस डॉक्टरांनी दाढेमागेही सुई दिली.

"कवा काढताय?"

"काढली."

मी तो जबडा पुन्हा कोरला, भोकासकट. आता माणगाव-म्हसळ्याचे तरुण डॉक्टर त्या पेटीपुढे उभे राहून शिकतात. डॉक्टरसाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि प्रत्येक रोग्याचा जबडा त्यांना असाच नवा वाटत राहो.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पेटी पाहून पन्नास जबडे मागितले. सगळे एका मापाचे, ते जादा भोक गाळून. डॉक्टर म्हणाले, "हात तुमचे, तुम्हीच ठरवा." मी नाही म्हटले. देत होता रोख तीनशे रुपये, माझी वर्षाची कमाई.