आजोबांच्या पिस्तुलावरच्या खुणा आणि हिवरखेड-शेंदूरजनाघाट रस्ता

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "पोरी, बाबाच्या पेटीत पिस्तूल निघालं. मी ते ठाण्यात नेऊन देल्लं. तू ये." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी पुणे-अकोला तिकीट काढलं.

हिवरखेडला जायचं असेल तर अकोल्याहून अकोटची एसटी धरा, तिथून पुढच्या गाड्या मिळतात. सगळं मिळून तीनेक तास हाताशी ठेवा. डिसेंबरात हा रस्ता सुरेख असतो. दोन्ही बाजूंना तूर, मधूनच फुटलेला कापूस, आणि अकोट मागे पडलं की समोर सातपुडा. मामींनी जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. मामांनी मात्र अर्धीच.

मामा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त ग्रामसेवक. ऑफिसातला कोरा कागदही कधी घरी आणला नाही, असा माणूस. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात शिपाई होते. मामा शाळेत असताना एकानं भांडणात त्यांना ऐकवलं होतं, "तुह्या बापानं सरकारचं पिस्तूल चोरून आणलं." मामांनी घरी येऊन विचारलं. आजोबा म्हणाले, "गप राय." पुन्हा तो विषय निघाला नाही. आता आजोबा जाऊन तीस वर्षं झाल्यावर जुनी पेटी रिकामी करताना पिस्तूल खरंच हाती आलं.

"चोरीचं असन तर असन," मामा म्हणाले. "पण मले समजलं पायजे."

दुपारी ठाण्यात गेलो. ठाणेदार भले होते. पिस्तूल त्यांच्याच ताब्यात राहणार, पण ते नेमकं काय आहे आणि कोणाचं आहे हे जाणकाराकडून लिहून आणलं तर पुढचा अर्ज सोपा होईल, असं त्यांनी सांगितलं. मी फोटो काढले. मग लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसे प्रत्येक खुणेचे ठसे घेतले. पितळी नळी, तिचं तोंड एवढं रुंद की अंगठा सहज जावा. एका जागी मुकुट, त्याखाली आकडे, आणि दोन ठिकाणी बाणासारखी खूण. "हा कोंबळीचा पाय कायचा?" मामांनी विचारलं.

माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून बबनरावांचं नाव मिळालं. त्यांनी उभा जन्म लष्करात शस्त्रं दुरुस्त केली. आता शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाड्याची गाडी करून निघालो. अकोट, अंजनगाव, परतवाडा, चांदूरबाजार, मोर्शी, वरूड. चार-साडेचार तास लागतात, एसटीनं गेलात तर दिवस जातो. अंजनगावाजवळचे पानमळे बघायला थांबा. परतवाड्याला गरम कढीत बुडवलेला आलूबोंडा खा, तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं. मामांनी तोही अर्धा ठेवला.

बबनराव बागेतच भेटले. झाडं फळांनी वाकलेली, खाली बांबूचे टेकू. त्यांनी आधी संत्री सोलून दिली, मग चष्मा लावला. फोटो पाहताच हसले.

"भाऊ, हे गोळीचं पिस्तूल नोहे. नळी आतून गुळगुळीत आहे, पाहा. हे उजेडाचं. यातून आभाळात जळता गोळा सोडत, म्हणजे खालचं रान दिसे."

"म्हणजे बाबानं यानं कोणाले मारलं नाई?"

"याच्यानं माणूस मारत नसत. माणसं शोधत."

मग त्यांनी ठशांवर बोट ठेवत वाचून दाखवलं. मुकुट आणि त्याखालचा आकडा तपासनिसाचा. शेजारी नमुन्याचा क्रमांक आणि घडणीचं साल, म्हणजे वस्तू पहिल्या महायुद्धातली, दुसऱ्यातही वापरात राहिलेली. एकटा बाण म्हणजे सरकारी माल. मामांची मान खाली गेली.

"थांबा नं," बबनराव म्हणाले. "हा दुसरा ठसा पाहा. इथं दोन बाण आहेत, टोकाले टोक लावून. सैन्यानं माल रीतसर विकला की ही खूण मारत. निकाली माल. तुमच्या बाबाईनं घेतला असन नाईतर कोण्या घेणाऱ्यानं देल्ला असन. चोरीच्या मालावर ही खूण कोण मारीन?"

मामांनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाले, "मग बाबानं सांगतलं काहून नाई?" बबनरावांनी सगळं एका कागदावर लिहून सही केली. मी किंमत विचारली तेव्हा म्हणाले, हौशी माणूस वीसेक हजार देईल, कारण कोणी ते घासूनपुसून चकचकीत केलं नाही. खुणा गेल्या की ते नुसतं पितळ. (तुमच्या घरात असं काही निघालं तर आधी ठाण्यात कळवा, आणि पॉलिश पेपर लांब ठेवा.)

परतीच्या वाटेवर मामा अचानक बोलायला लागले. दिवाळीत रॉकेट उडालं की सगळे वर पाहत, आजोबा मात्र खाली, जमिनीकडे. "आमाले वाटे, म्हातारा भेला. तो पाहत होता, कोण पडलं आहे ते." मोर्शीला त्यांनी पाटवडीचं ताट मागवलं, आणि वर अजून रस्सा.

मी पुण्यात परतले त्याला महिना झाला. बबनरावांनी दिलेली संत्री संपली, रस्त्याची हौस नाही. एवढ्या सुंदर रस्त्यावर एवढी कमी गर्दी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. काल मामांना फोनवर विचारलं, पिस्तूल कधी परत मिळणार? "अर्ज देल्ला. भेटन तवा भेटन," ते म्हणाले. मग सांगू लागले, आजोबांसोबत सैन्यात असलेल्या एका शिपायाचा मुलगा तेल्हाऱ्याला राहतो. नको ते कानावर पडेल म्हणून मामा इतकी वर्षं त्याच्या दारावरून न थांबता जात. परवा ते स्वतःहून त्याच्याकडे गेले.

"काय सांगितलं त्यानं?"

"लय सांगतलं. उद्या पुन्हा चाललो. त्यानं जेवाले बलावलं."