विल्फने काढलेली नॉर्मा

विल्फ थ्रेलफॉल आधी बोटींवर नावं रंगवायचा. इंग्लंडमधल्या फ्लीटवूड बंदराच्या धक्क्यावर मासेमारीचे ट्रॉलर दाटीने उभे असत, तेव्हा त्यातल्या निम्म्यांची नावं त्याच्या हातची असायची. पुढे मासेमारी बसली, एकेक बोट भंगारात गेली. पन्नाशीच्या विल्फने बेकरीच्या माडीवर खोली घेतली आणि तो माणसांचे चेहरे काढायला लागला.

माणसं सगळी गावातलीच. ट्रॅमचा कंडक्टर, चिप्सच्या दुकानातली बाई, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारे म्हातारबा. तो म्हणायचा, "नुसतं बसायचं. सुंदर काढ म्हणालात तर ते मला जमत नाही."

मी आणि नॉर्मा बिकरस्टाफ तेव्हा मासे कापायच्या शेडमध्ये शेजारी उभ्या असायचो. विल्फने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं चित्र? कशाला, उंदीर पळवायला?" पण दर मंगळवारी काम सुटलं की जायला लागली. एकटीला लाज वाटायची, म्हणून मलाही ओढून न्यायची. खालून ताज्या पावाचा वास यायचा, वर टर्पेंटाइनचा. मी खिडकीत बसून गरम बन खायची. विल्फ फारसा बोलायचा नाही, नॉर्मा मात्र थांबायची नाही. तिथेच मला कळलं की ती अकरा वर्षं आईशी बोलली नव्हती. नॉर्माने नवऱ्याला घराबाहेर काढलं, तेव्हा आईने जावयाची बाजू घेतली होती.

सातव्या मंगळवारी विल्फने कॅनव्हास आमच्याकडे फिरवला. नॉर्मा बराच वेळ बघत राहिली.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही माझी आई आहे."

"तुझ्या आईला मी कधी बघितलेलंही नाही."

"हनुवटी तिची आहे. ते ओठ आवळणं तिचं आहे. बदल."

"समोर दिसलं तेच काढलंय, नॉर्मा. नाही बदलणार."

तिने कोट उचलला आणि जिना उतरून गेली. पुढचे दोन आठवडे शेडमध्ये माझ्याशीही धड बोलली नाही. मग एकदा हात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी प्रेस्टनला येतेस? आईकडे."

आईने दार उघडलं. नॉर्मा वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाळलीस. आत या आधी, वारा शिरतोय." भांडणाचा विषय निघालाच नाही. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. निघताना म्हातारीने नॉर्माच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

महिन्याभराने नॉर्मा तिला विल्फकडे घेऊन आली. जिन्यात चार वेळा थांबत म्हातारी वर पोचली, चित्रासमोर उभी राहिली आणि विल्फला म्हणाली, "अहो, माझं कधी काढलंत हे?"

नॉर्मा हसायला लागली. हसता हसता खिडकीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. विल्फने खुर्ची पुढे ओढली. "बसा बाई. तुमचंही काढतो."

म्हातारी आठ मंगळवार बसली. विल्फचे रंग फार मळकट आहेत, ब्रश नीट धूत नाही, असं त्याला ऐकवत बसायची. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. मायलेकींची ती दोन्ही चित्रं आजही नॉर्माच्या बैठकीत आहेत.

विल्फला जाऊन आता नऊ वर्षं झाली. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि माडीच्या खिडकीला पडदेही नाहीत. मला त्याने तीनदा विचारलं होतं, "तू कधी बसतेस?" दर वेळी मी म्हणायची, केस नीट करून घेते, मग बसते. तो म्हणायचा, "केसांचं काय घेऊन बसलीस," आणि ब्रश पुसायला लागायचा.