बाबांचं गाणं लागलंच नाही

बाबा आमच्याकडे अमेरिकेत हर्नडनला आले होते, त्या नोव्हेंबरात लेकीच्या शाळेत माजी सैनिकांच्या सन्मानाचा कार्यक्रम होता. लेकीने परस्पर आजोबांचं नाव देऊन टाकलं आणि मग मला विचारलं, "आई, वॉज आजोबा आर्मी ऑर पोलीस?"

काय सांगणार, कप्पाळ! बाबांची सगळी नोकरी निमलष्करी दलात गेली. बंदूक, बराकी, सीमेवरची थंडी, सगळं सैनिकाचं. निवृत्त झाल्यावर मात्र "तुम्ही माजी सैनिकांत मोडत नाही" हे ऐकून घ्यायचं. ते त्यांना अजून सलतं.

परदेशातल्या शांतिसेनेत त्यांच्या शेजारी इटलीची तुकडी होती. "ते त्यांच्या देशात सैनिकच गणले जातात. काम मात्र आमचंच, पोलिसांचं," बाबा सांगतात. जमाव आवरताना दोन्ही देशांचे जवान ढाली धरून एका रांगेत उभे राहायचे. भाषा कुणाची कुणाला कळायची नाही. मागच्याने खांदा दाबला की पुढे सरकायचं, एवढ्यावर भागायचं. काम एक, मग एकजण सैनिक आणि दुसरा नाही, हे कसं? मला आजवर उमगलेलं नाही.

शाळेत बाबा कोट घालून पहिल्या रांगेत बसले, मी त्यांच्या मागे. मुलांचा बँड एकेका दलाचं गाणं वाजवत होता. ज्याचं गाणं लागेल त्याने उभं राहायचं. भूदल झालं, नौदल झालं, हवाईदल झालं. दर वेळी बाबा खुर्चीच्या कडेला सरकायचे, आजूबाजूला बघायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. मला बघवेना. उठा म्हणू, की बसा म्हणू? उठले आणि कोणी काही विचारलं तर? मला लेकीचा राग आला, त्या बँडचाही आला.

गाणी संपली. "डिड वी मिस एनीवन?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. बाबा चुळबुळले. जाऊ दे, कशाला शोभा करून घ्यायची, म्हणून मी हळूच त्यांचा खांदा दाबला.

बाबा ताडकन उभे राहिले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, गोंधळून.

गाडीत लेकीने पुन्हा विचारलं, "सो, आर्मी ऑर पोलीस?" बाबांनी हसत तिला टपली मारली.

"बाबा, एकदम कसे उठलात?" मी म्हटलं.

"अगं, तूच तर खांदा दाबलास. मागे आपलं माणूस आहे म्हटल्यावर पुढे व्हायचंच ना."